सतरा नंबरचं घर

कात्री उचलण्याआधी देसांकानं बेरीज करून घेतली होती. मांडीवरच्या पोराच्या जावळातली एक बट कापायची, ती लाकडी कटोरीतल्या पाण्यात सोडायची, आणि उठताना या घराची कुमा होऊन उठायचं. कुमा म्हणजे रक्ताबाहेरचं सगळ्यात जवळचं माणूस. तिला दारातून परत पाठवता येत नाही आणि तिनं मागितलेलं नाकारता येत नाही. एवढं झालं की इतकी वर्षं कडी लावून बसलेलं हे घर आपोआप उघडणार. तपासायला घरातल्यांचं रक्त मिळणार, विहिरीचं पाणी मिळणार, माळ्यावरचं धान्य मिळणार. नकाशात उरलेलं एकुलतं एक भोक बुजणार. भोक बुजलं की अहवाल पुरा, अहवाल पुरा झाला की संस्थेतली कायमची जागा, आणि जागेबरोबर खिडकीची खोली. आज ती बसायची त्या खोलीला भिंती होत्या, दार होतं, खिडकी तेवढी नव्हती. हे सगळं एका बटेच्या बदल्यात. सौदा तिला वाईट वाटला नाही.

कात्री चालली. पोर रडलं नाही. कुमाच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिलं. वीज पडून मधोमध फाटलेल्या तुतीखाली गावातल्या बायका दाटीनं उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली. न रडणारं पोर म्हणजे कुमाचा हात चांगला. बट कुमानं आयुष्यभर जपायची असते. देसांकानं ती पाण्यातून काढली, निथळली आणि पर्समधल्या पारदर्शक पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड दाबून बंद केलं. बायकांना वाटलं, शहरातली बाई, किती निगुतीनं ठेवते. पिशवी प्रकल्पातल्या तिच्या जोडीदाराची, तिहोमीरची होती. केसात काय काय साठतं ते त्याला बघायचं होतं. तो स्वतः जरा लांब उभा राहून फोटो काढत होता, कात्रीचे, कटोरीचे, पोराच्या मानेचे. चेहरा एकाचाही घ्यायचा नाही, हे प्रकल्पातल्या तिघांचं ठरलेलं होतं.

मग कोसारा तबक घेऊन आली. कोसारा या घरची मुलगी, पोराची आत्या. तबकात आंबट चेरीचा मुरंबा, चमचे आणि विहिरीच्या पाण्याचे पेले. पाहुण्यानं एक चमचा मुरंबा खायचा, रिकामा चमचा पेल्यात सोडायचा आणि पाणी प्यायचं. देसांकानं एक पेला संपवून दुसरा उचलला.

“असं पाणी बेलग्रेडात नाही गं मिळत,” ती म्हणाली.

“मग राहायलाच या, कुमा,” कोसारा म्हणाली. “रोज ओढायला एक माणूस कमीच पडतंय आम्हाला.”

बायका हसल्या. एकीनं टोमणा मारला की ओढणारी आता हेमंतात डोंगरापलीकडे निघाली, तिकडे घरात नळ आहे, तिला काय. कोसारानं तबक एका हातावर घेतलं आणि दुसरा हात सहज गळ्याशी नेला. तिथं सोन्याचं नाणं होतं. साखरपुड्याच्या दिवशी मुलाकडचे सफरचंदात खोचून आणतात ते.

कोसाराची आई मिल्योयका. विधवा, मोजकं बोलणारी. मुलगा ऑस्ट्रियात बांधकामावर, सून आणि नातू तिच्यापाशी. बायका पांगल्यावर तिनं देसांकाला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, आणि मग उभ्याउभ्याच सांगितलं. नवरा नोवी साद शहरात हृदयानं गेला, असं गावाला ठाऊक होतं. तो तिथल्या इस्पितळात मशीनला जोडलेला असताना गेला होता, दोन्ही मूत्रपिंडं वाळून. त्याच्या आधी त्याचे वडील तसेच गेले. हे फक्त नणंदेला, स्पासेनियाला माहीत होतं. तीच त्याच्यासोबत इस्पितळात राहिली होती आणि तिनं ते एवढी वर्षं दातांखाली धरलं होतं.

या ओढ्याच्या काठानं अशी माणसं जात आली होती. आजाराचं नाव कोणी घेत नसे. अमक्यानं कंबर धरली, असं म्हणत, आणि जरा वेळानं त्याच्या शेताचं काय होणार ते बोलत. ज्या घरात दोघांनी कंबर धरली त्या घरची मुलगी कोणी करत नसे. काठावरचा हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडण्याची सोयही नव्हती.

“रक्त देतो आम्ही,” मिल्योयका म्हणाली. “कुमानं मागितलं म्हणजे दिलंच. पण नाव कुठे येणार नाही ना?”

“कुठेच येणार नाही.”

“माझ्यासमोर म्हणा.”

“जावळाची शपथ,” देसांका म्हणाली. “या घराचं नाव एका कागदावर येणार नाही.”

एवढं मान्य करायला हवं की ही शपथ तिनं पाळली. नाव एका कागदावर आलं नाही.

*

प्रकल्प तिघांचा होता, तीन वेगवेगळ्या शास्त्रांचा, आणि पैसे देणाऱ्यांना त्यातलं हे तीनपणच आवडलं होतं. तिहोमीर दगड, माती आणि पाणी बघायचा. डॉक्टर झागोर्का रक्त आणि लघवी बघायची. देसांका माणसं बघायची. कोण कुणाच्या घरी जेवतं, कोण कुणाची विहीर वापरतं, मुली कुठे देतात, मढ्याला कोण उचलतं. आधीच्या काळात तिन्ही खात्यांची माणसं या काठावर आली होती, पण वेगवेगळी. पाणीवाल्यांनी पाणी नेलं, डॉक्टरांनी रक्त नेलं, आणि कुणाचं कुणाशी जुळवता आलं नाही. म्हणून या वेळी प्रत्येक घराला एकच क्रमांक द्यायचा आणि तिघांनी तोच वापरायचा, असं ठरलं. कल्पना देसांकाची. पैसे देणाऱ्या परदेशी मंडळींनी तिचं फार कौतुक केलं होतं. मिल्योयकाच्या घराच्या वाट्याला सतरा आला.

लपवण्याचे नियम मात्र ज्याचे त्याचे होते. तिहोमीर विहिरीवर मालकाचं नाव लिहीत नसे. झागोर्का माणसाचं फक्त वय, लिंग आणि घरातलं नातं ठेवत असे. देसांका गावाचं नाव बदलत असे आणि चेहरे गाळत असे. तिघंही आपापला नियम सोवळ्यासारखा जपत.

अट अशी होती की निष्कर्ष आधी लोकांना दाखवायचे, मग छापायचे. त्यासाठी तीन मोठे फलक करून आणले. संस्थेतल्या लांब टेबलावर दुपारी ते शेजारी शेजारी मांडले तेव्हा झागोर्का कॉफी ढवळत होती आणि तिहोमीर स्वतःच्या फलकाकडे, माणूस स्वतःच्या पोराकडे बघतो तसा बघत होता. त्याच्या फलकावर ओढा होता आणि काठच्या विहिरी ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. बरेच ठिपके हिरवे, थोडे पिवळे, एक लाल, म्हणजे पिऊ नये असं पाणी. शेजारी सतरा.

देसांकाची नजर मधल्या फलकावर गेली. झागोर्काचे आकडे ती पहिल्यांदाच बघत होती. घर सतरा. पुरुष, मृत, मूत्रपिंडं निकामी. त्याचा पिता, मृत, तेच कारण. मुलगी, एकवीस, आजाराची पहिली चिन्हं. मग नजर तिसऱ्या फलकावर आली, तिच्या स्वतःच्या. वर तिहोमीरनं काढलेला फोटो होता. कात्री, कटोरी, पोराची मान, मागे फाटलेली तुती. खाली तिचाच मजकूर: सतराव्या घरात संशोधिकेलाच जावळाची कुमा होण्याचा मान मिळाला.

बेलग्रेडची बाई कुणाच्या घरी कुमा झाली, हे त्या काठावर शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तिनं आधी मधल्या फलकावर बोट ठेवलं.

“हिला सांगितलंय?”

झागोर्कानं चष्म्यावरून पाहिलं. “रक्त प्रकल्पाला दिलंय तिनं. उपचाराला नाही. वैयक्तिक निकाल कळवला जाणार नाही, असं संमतीपत्रात आहे.”

“त्यांना ते कळलं असेल?”

“सोप्या भाषेत आहे. तूच केलीस ना सोपी?”

केली होती. फार छान सोपी झाली म्हणून तिची पाठही थोपटली होती.

मग देसांकानं आकडा तिन्ही फलकांवर दाखवला आणि ते शेजारी लावले की काय होतं ते सांगितलं. दोघांनी नीट ऐकून घेतलं. चांगली माणसं होती. तिहोमीर म्हणाला की बरोबर आहे, हे वाईट होईल, पण त्याच्या फलकात काय आहे? विहीर आहे. विहिरीला आडनाव नसतं. आणि लाल ठिपका काढायचा तर मग फलक कशाला, शोभेला? झागोर्का म्हणाली की तिच्या फलकात माणूसच नाही, आकडा आहे. आकडा बदलायचा तर तिघांची सगळी गणितं पुन्हा बांधावी लागतील, आणि क्रमांकाची कल्पना तरी कुणाची? प्रत्येकाचा फलक एकटा बघितला तर धुतल्या तांदळासारखा होता. उघडं पडत होतं ते शेजारीपणानं, आणि शेजारीपण तर प्रकल्पाचा उद्देश होता.

“तुझा फोटो काढ,” झागोर्का म्हणाली. “आणि ते कुमा होण्याचं वाक्य. प्रश्न मिटला.”

“तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे.”

“मग तिथूनही काढ.”

“अगं, जागेची समिती तोच तर बघतेय,” तिहोमीर मध्येच म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला. “बाईंच्या खिडकीचा प्रश्न आहे.”

तिघंही हसले. देसांका म्हणाली, बघते काय करता येईल. फलक तिच्या ताब्यात राहिले. रविवारभर ती त्यांच्यासमोर बसून होती. फोटो काढला की उरतो तो कोरडा मजकूर. असला मजकूर संस्थेत रद्दीच्या भावानं मिळे. वाक्य काढलं की ती नुसती एक बाई उरते, जी गावात गेली आणि प्रश्न विचारून आली. शेवटी तिनं उपाय शोधला. फोटोतली पोराची मान तिनं संगणकावर पुसट करून घेतली आणि फलक नव्यानं छापून आणला. वर्षाच्या पोराची मान. ती कोण ओळखणार होतं, देव जाणे. पण काहीतरी केलं, असं म्हणता येत होतं, आणि सोमवारी तिनं तसं म्हटलंही. दोघांनी मान डोलावली. कुणी फलक जवळ जाऊन बघितला नाही.

*

फलक तालुक्याच्या गावी सांस्कृतिक भवनात लागले. आदल्या आठवड्यात देसांकानं मिल्योयकाला फोन करून सांगितलं होतं की येऊ नका, तुमच्या कामाचं काही नाही, नुसते आकडे, दोन तास उभं राहून पाय दुखतील. मिल्योयकानं कुमाचे आभार मानले होते.

बाकीचे आले. प्रकल्पाच्या खर्चानं चीजचे रोल आणि भाजलेलं मांस ठेवलं होतं, त्यामुळे डोंगरापलीकडचेही आले. त्यात रादोयका होती, कोसाराची होणारी सासू. ताटलीत रोल घेऊन ती पहिल्या फलकापाशी थांबली. लाल ठिपका बघितला, एक घास खाल्ला. मधल्या फलकापाशी आली. तिथं जरा जास्त वेळ लागला; चष्मा पुसावा लागला. तिसऱ्या फलकावरची तुती तिनं बघितली आणि पुन्हा मागे, मधल्या फलकापाशी गेली. आजूबाजूला दहा-बारा माणसं हाच फेरा घालत होती. मधल्या फलकापाशी आल्यावर सगळ्यांचं चावणं थांबे.

रादोयकानं ताटली खाली ठेवली, बोटं रुमालाला पुसली आणि देसांकाला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं.

“कुमा, तुम्ही शिकलेल्या,” ती म्हणाली. “तुमच्याशी बोलायला बरं पडतं. आमचा मुलगा जरा घाईच करत होता, असं आता वाटायला लागलंय.”

देसांकानं खिडकीची काच लावून घेतली.

“मोडायचं तर आम्ही नाही मोडणार. आमच्याकडून मोडलं तर नाणं त्यांच्याकडेच राहतं, माहिताय ना? शिवाय लोक विचारतील का मोडलं. मग मला सांगावं लागेल. सांगताना मला हेही सांगावं लागेल की कुठं वाचलं.” तिनं भिंतीकडे बघितलं, मग परत देसांकाकडे, अगदी मायेनं. “मुलीकडून मोडलं की कुणाचंच वाईट दिसत नाही. मुलगी म्हणते, मला शिकायचंय. झालं. तुम्ही कुमा, तुमचं ऐकतील. नाणं तेवढं घेऊन या.”

“आणि इथलं?”

“इथलं मी काय वाचणार? मला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही.”

चष्मा तिच्या नाकावर होता.

*

कायमच्या जागेचं पत्र त्याच आठवड्यात आलं. देसांकानं खिडकीच्या खोलीत पुस्तकं लावून घेतली आणि शनिवारी गावाची बस धरली.

मिल्योयकानं तिला घरातल्या मानाच्या जागी, देवाच्या तसबिरीखाली बसवलं. देसांकानं सांगायचं ते सांगितलं. बसमध्ये तिनं ते चांगलं बसवून घेतलं होतं: मुलाकडच्यांचं मन फिरलंय, कारण ते सांगत नाहीत, वाट बघत बसलात तर तेच मोडतील आणि मग कारण चारचौघांत जाईल, त्यापेक्षा आपणच म्हणूया, मुलीला शिकायचंय. मी तिला शहरात कुठे काही बघते. कुमाच्या तोंडून आलेली गोष्ट, त्यामुळे ती सल्ल्यासारखी वाटली.

मिल्योयका रडली नाही. टेबलावर सांडलेला चुरा तिनं तळहातानं एका जागी गोळा केला.

“कळलंय त्यांना,” ती म्हणाली.

“लोकांचं काय सांगावं.”

“लोकांना कुठून कळणार? मी कुणाला बोलले नाही. तुम्हाला बोलले, तर तुम्ही जावळाची शपथ घेतलीत.” चुऱ्याचा ढीग तिनं बोटानं चपटा केला. “स्पासेनिया. तिलाच माहीत होतं. गेल्या महिन्यात कुंपणावरून बोलाचाली झाली आमची. त्याचं हे काढलं तिनं.”

खिडकीतून समोरच्या घराचं अंगण दिसत होतं. स्पासेनिया धुतलेल्या चादरी दोरीवर टाकत होती. भावाला शेवटच्या महिन्यात इस्पितळात भरवायला तीच होती. तिनं इकडे बघून हात केला. मिल्योयका उठली आणि तिनं पडदा ओढला.

“या घराचा उंबरा आता तिला बंद. मी मेले तरी खांदा द्यायला यायचं नाही तिनं. तुम्ही साक्षी आहात, कुमा.”

एक शब्द पुरला असता. देसांकानं तोंड उघडलंही होतं. मग तिनं रुमालानं ओठ टिपले आणि म्हटलं, “मनाला लावून घेऊ नका.”

आतल्या खोलीत कोसारा ऐकत असावी, कारण बोलावल्याशिवाय आली. गळ्यातलं नाणं काढून तिनं रुमालात बांधलं होतं. पुरचुंडी तिनं देसांकाच्या हातात दिली, जशी एखादी उसनी वाटी परत द्यावी.

“मला काय शिकायचंय म्हणून सांगणार आहात, कुमा?”

“तू सांग. काहीही.”

“काहीही शिकायचंय म्हणून सांगा मग,” कोसारा म्हणाली. जराशी हसलीही. मग आत जाऊन रिवाजाप्रमाणे तबक घेऊन आली. घरात काहीही होवो, कुमा तशीच जात नाही.

मिल्योयका मुलाकडून आलेली, नाण्याबरोबर परत द्यायची पेटी शोधायला आत गेली. दोघीच राहिल्या. देसांकानं चमचाभर मुरंबा खाल्ला. चमचा पेल्यात सोडला. पेला हातात घेतला. थंडगार होता, आताच ओढलेल्या पाण्याचा. बाहेरून घाम सुटला होता. तिनं तो ओठांजवळ नेला आणि जसाच्या तसा तबकात ठेवला.

“तहान नाही गं आज,” ती म्हणाली.

कोसारा पेल्याकडे बघत राहिली. या बाईनं या अंगणात येऊन एकामागून एक पेले रिचवले होते. तिहोमीर बाटल्या भरून पाणी घेऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्याच हातातून नळीभर रक्त नेलं होतं आणि मग कधी काही कळवलं नव्हतं. हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकलं, सावकाश, आणि देसांकाला ते सरकताना दिसलं. आता ती विचारेल, देसांकाला वाटलं. तिनं उत्तरही जुळवायला घेतलं.

कोसारानं विचारलं नाही.

तिहोमीरला नवं यंत्र मिळालं. पोराची बट त्यानं त्याच यंत्रात तपासायला आम्लात विरघळवली. झागोर्काला व्हिएन्नाचं आमंत्रण आलं. देसांकाला खिडकी मिळाली. रादोयकाचं सोनं रादोयकाकडे निघालं. स्पासेनियाचा उंबरा गेला, आणि का गेला ते तिला कोणी सांगणार नव्हतं. बाकी जी काही किंमत भरायची राहिली होती ती त्या पेल्यात होती. कोसारानं त्यातला चमचा काढला, झटकून तबकात ठेवला, पाणी उभ्यानंच एका दमात पिऊन टाकलं, आणि तबक घेऊन आत गेली.